परबकाकांचा पिवळा काटा

मी आयुष्यात एकदाच विमानात बसलोय. मुंबई ते नागपूर, मावसभावाच्या लग्नाला, आणि तेही मधल्या सीटवर. एका बाजूला झोपलेले गृहस्थ, दुसऱ्या बाजूला डबा उघडून बसलेल्या बाई. खिडकी मला दिसलीच नाही. तरीही कुठल्या कुठल्या देशातले लोक मला विचारतात की अमुक जुन्या विमानात तेलाच्या दाबाचा मीटर डावीकडे असतो की उजवीकडे. मी सांगतो, आणि बरोबर सांगतो.

पोटापाण्याचा धंदा वेगळा आहे. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गाळ्यात मी डायल छापतो. बॉयलर, पंप, गॅसच्या टाक्या, यांच्यावर जे गोल मीटर असतात, त्यांची पांढरी तबकडी, त्यावरचे आकडे, लाल पट्टा. माणूस मीटर बघतो तेव्हा काटा बघतो. तबकडी कोणी छापली असेल हा विचार कोणाच्या मनात येत नाही, आणि येऊ नये हेच आमचं यश. मी मुळातच कमी बोलणारा. माझ्या स्वभावाला हे काम मानवलं.

दुसरा धंदा, ज्यात एक रुपया मिळत नाही आणि ज्याच्याबद्दल लिहायला मला या अंकाने सांगितलं, तो घरच्या संगणकावरचा. संगणकावर विमान उडवायचा एक कार्यक्रम आहे, सिम्युलेटर. आमचा ओपन सोर्स आहे, म्हणजे कोणाच्या मालकीचा नाही. ज्याला वाटेल त्याने उघडावा, दुरुस्त करावा, दुरुस्ती सगळ्यांसाठी परत ठेवावी. कोणी इंजिनाचा आवाज करतो, कोणी ढग करतो. मी पायलटच्या समोरची फळी करतो. पॅनेल. वेगाचा मीटर, उंचीचा मीटर, क्षितिजाचा मीटर, होकायंत्र, पेट्रोल, तेल, वगैरे वगैरे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, फोटो काढला आणि चिकटवला. तसं नसतं. एकेक मीटर थरांनी बनतो. खाली तबकडी, त्यावर काट्याची सावली, त्यावर काटा, सगळ्यात वर काच. मग काट्याला शिकवायचं: वेग एवढा असला की तू इथे, तेवढा झाला की तिथे. सरळ हिशोब नसतो, कारण खऱ्या मीटरवरचे आकडे सुरुवातीला दाटीने आणि पुढे ऐसपैस बसलेले असतात. काटा चुकीचा शिकला तर विमान धावपट्टीवर उभं असताना हवेत असल्याचं सांगतो. आणि काचेवर ओरखडे काढावे लागतात. गाळ्यात माझ्या डायलवर एक ओरखडा आला तर माल परत येतो. इथे ओरखडा नसला तर तक्रार येते की खोटं वाटतंय.

गिऱ्हाइकंही एकेक नग. बोरिवलीच्या एका दातांच्या डॉक्टरांना पॅनेलवर कॉफीचा डाग हवा होता. केला. मग म्हणाले, डाग फार गोल आहे, कप कलता ठेवलेला वाटला पाहिजे. घाटकोपरला साड्यांचं दुकान असलेले एक शेठ फक्त जंबो उडवायचे, तेही फक्त दुबईपर्यंत. त्यांना पुढे गणपती हवा होता. बसवला. प्रश्न पडला की गणपती कुठल्या गटात ठेवायचा. आमच्याकडे इंजिन, दिशा, संपर्क असे गट आहेत. विचार करून मी तो आणीबाणीच्या गटात ठेवला, आगीच्या घंटेशेजारी. शेठ म्हणाले, "एकदम करेक्ट जगा."

आता मुद्द्याचं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या कार्यक्रमात एक सामाईक कपाट आहे. प्रत्येक विमानाने स्वतःचा वेगळा मीटर करायचा म्हटलं तर डोंगर होईल, म्हणून नेहमी लागणारे मीटर एका जागी ठेवलेले असतात आणि शेकडो विमानं तिथून उचलतात. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीसारखं आहे हे. वर एकाने झडप फिरवली की सगळ्या मजल्यांवर फरक पडतो. म्हणून आमच्यात रीत आहे: कपाटातल्या वस्तूला हात लावण्याआधी ती कोण वापरतं ते बघायचं आणि मंडळींना विचारायचं. हे कपाट नीट लावून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "घरातलं कपाट लाव आधी."

ती कांदिवलीला चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. तिचं दुकान पुढे येणार आहे.

*

परबकाका मला पवईत भेटले. एका मित्राच्या कोचिंग क्लासची खोली रविवारी रिकामी असायची, तिथे आम्ही उपनगरातले हौशी पायलट जमायचो. तिथे मी पॅनेल कसं करायचं ते दाखवायचो, म्हणून काका मला मास्तर म्हणायचे.

काका मूळचे कणकवलीकडचे. तरुणपणी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर विमानतळावर. विमान उतरून जागेवर येतं तेव्हा त्याच्या पुढे एक माणूस पिवळं जॅकेट घालून, हातात दोन रंगीत फळ्या घेऊन उभा असतो, डावीकडे घे, सरळ ये, बस, थांब, अशा खुणा करतो. ते काका. निवृत्त होईपर्यंत हेच काम. एवढालं धूड त्यांच्या हाताच्या इशाऱ्यावर यायचं आणि नाकाशी येऊन थांबायचं.

"पण आत काय असता, ता कधी बघलंय नाय," काका म्हणाले होते. "काचेतून दोन डोकी दिसत. ती खाली मान घालून कायतरी बघत. म्हटलं, मी हंय एवढे हात नाचवतंय आणि हे खाली काय बघतत?"

ते खाली जे बघत होते, ते बघायला काका पंचाहत्तरीला आले होते. कांजूरमार्गच्या घरी सुनेने, वैशालीने, जुना टीव्ही संगणकाला जोडून दिला. काका रोज सकाळी न्याहारीनंतर मुंबईहून उडायचे आणि किनाऱ्याकिनाऱ्याने कोकणात उतरायचे. माझ्याकडून शिकून त्यांनी स्वतःच्या विमानासाठी स्वतः मीटर केले. वेगाचा आणि उंचीचा. वैशालीने ते कपाटात चढवून दिले.

मी ते पाहिले आणि खरं सांगतो, मला ते बघवेनात. काटा इतका जाड की आकडे त्याखाली झाकले जायचे. रंग पिवळाजर्द, त्यांच्या जॅकेटसारखा. सावली नाही, काच नाही. बोलायचं असतं तेव्हा मी बोलत नाही, ही माझी जुनी खोड.

"कसो झालोहा?" काकांनी विचारलं.

"लांबून दिसतो," मी म्हटलं.

"तर! तेचसाठी केलंय," काका खूश.

मला वाटलं, चेष्टा कळली नाही. चेष्टा नव्हतीच तिथे कळण्यासारखी. काका उत्तर देऊन मोकळे झाले होते आणि ते मला ऐकू आलं नव्हतं.

पुढे परदेशातल्या कोणीतरी आमच्या चर्चेच्या पानावर त्या मीटरचं चित्र टाकून लिहिलं, हा काटा आहे की केळं? खाली हसणाऱ्यांची रांग. कपाट माझ्या ताब्यात, म्हणजे केळं माझ्या दुकानातलं. मला लाज वाटली. आता मागे वळून बघताना कळतं की मला काकांची लाज वाटली. हे वाक्य लिहायला मला जड जातंय, पण या लेखात ते नसेल तर बाकीचं काही लिहिण्यात अर्थ नाही.

पुढच्या साफसफाईत मी कपाटातले एकसारखे मीटर एकत्र केले. त्यात काकांचे दोन मीटर काढून टाकले आणि जी जी विमानं ते वापरत होती, त्यांना माझा मीटर जोडून दिला. माझा म्हणजे बारीक, नाजूक, पांढरा काटा, सावलीसकट, काचेवर ओरखडे. सुरेख. कोणाला विचारलं नाही. विचारायचं कशाला, कोणाची तक्रार येणार होती? सगळ्यांनी वा वा केलं. केळंवाल्याने शाबासकीचा अंगठा वर केला. मी त्या दिवशी जेवताना दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

*

काका रविवारी यायचे बंद झाले. मला वाटलं, गावी गेले असतील. मग वैशालीचा फोन आला.

"दादा, तुम्ही एकदा येऊन जाल का? बाबा संगणकाला हात लावत नाहीयेत. नुसते बसून असतात. मासे आणायला खाली जायचे ना रोज, तेही बंद केलंय. रस्ता ओलांडायची भीती वाटते म्हणतात."

"काय झालं?"

"म्हणतात, डोळे गेले. एका सकाळी उठले आणि मीटर दिसेनासे झाले. त्यांना डोळ्यांच्या पडद्याचा त्रास आहे ना, मधलं धुरकट दिसतं. डॉक्टर म्हणाल्याच होत्या, हळूहळू वाढेल म्हणून. पण असं एका दिवसात..."

डोळ्यांच्या पडद्याचा त्रास आहे ना. ना! जणू मला ठाऊक असायला हवं होतं. मी फोन हातात धरून गाळ्यात उभा होतो. समोर छपाईची मशीन चालू होती आणि पांढऱ्या तबकड्या एकामागून एक बाहेर पडत होत्या, बारीक आकड्यांच्या.

दुसऱ्या दिवशी कांजूरमार्गला गेलो. जाताना मनाशी वाक्य ठरवलं होतं. काका, तुमचे डोळे होते तसेच आहेत, काटा मी बदलला. सोपं वाक्य आहे. मला घोकायची सवय आहे.

दार उघडलं तर घरात हीऽ गर्दी. शेजारच्या सावंत वहिनींनी गावाकडून कुठल्याशा वैद्याचे थेंब आणले होते आणि त्या दिवसाचे थेंब घालायची वेळ झाली होती. काका पलंगावर उताणे, डोळे मिटलेले, थेंबांचं पाणी गालावरून ओघळतंय. सावंत वहिनी उशाशी बाटली घेऊन.

"कोण, मास्तर?" काका डोळे न उघडता म्हणाले. "ये. बस. तोंडाक माझ्या काय बघतस? संपलो रे कारभार."

"काका, जरा तुमचा संगणक बघू?"

"बघ. माका दिसत नाय, तू तरी बघ."

मी संगणक लावला. पडद्यावर माझा सुरेख बारीक काटा. टीव्हीपासून काकांची खुर्ची जिथे असते तिथे बसून पाहिलं. मी एक डोळा मिटला आणि दुसरा अर्धा. काटा नाहीसा झाला. राहिली नुसती काळी तबकडी.

आमच्या कामात एक बरं असतं, काढून टाकलेलं काही कायमचं जात नाही. मागे जाऊन उचलून आणता येतं. मी काकांचे दोन्ही मीटर आणले आणि त्यांच्या विमानात परत बसवले. तेवढं झालं की काका डोळे उघडतील, आणि मी ते वाक्य बोलेन.

सावंत वहिनी म्हणाल्या, "उघडा आता. हळू हां."

काकांनी डोळे उघडले, पुसले, खुर्चीत येऊन बसले, आणि समोर पाहिलं.

"गो वैशाली!" ते ओरडले. "दिसता! काटो दिसता गो! पिवळो!"

वैशाली स्वयंपाकघरातून धावत आली. सावंत वहिनींनी बाटली छातीशी धरली. "मी सांगितलं नव्हतं? सांगितलं नव्हतं मी?" काकांनी तिथल्या तिथे विमान उडवलं आणि ते रडत होते. पंचाहत्तरी गाठलेला माणूस, पुढे हात नाचवून जंबो थांबवणारा, आणि रडत होता. वैशालीने शिरा केला. बशी माझ्या हातात आली. मी तो शिरा खाल्ला. वाक्य तोंडात होतं, त्यावरून शिरा गिळला.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही बोललास? मीही म्हणतो. पण त्या खोलीत त्या क्षणी तोंड उघडून बघा तुम्ही. सगळ्यांना आनंद झालाय, डोळे आहेत तसेच आहेत, काटाही परत आला, नुकसान कुणाचं? असा हिशोब केला आणि घरी आलो. येताना सावंत वहिनींनी एक बाटली मलाही दिली. "संगणकावर बसता ना दिवसभर."

सुनंदाने बाटली उघडून वास घेतला. "गुलाबपाणी आहे. कुठून आणलंस?"

"एकांनी दिलं," मी म्हटलं.

*

त्यानंतरचे काही महिने थेंबांची झकास चलती होती. काकांच्या मजल्यावर, मग खालच्या मजल्यावर, मग समोरच्या इमारतीत. काका रविवारी परत पवईला यायला लागले, आणि दातांच्या डॉक्टरांनासुद्धा त्यांनी बाटली दिली. कोणी चष्मा पुसताना दिसला की काका पुढे सरसावायचे. "थेंब घाल. मी आंधळो झाल्लंय. ह्या मास्तराक विचार, तो होतो थंय."

सगळे माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायचो. होकाराची आणि नकाराची यांच्या मधली एक हलवणी असते, ती.

मग एका रविवारी काका म्हणाले, "मास्तर, तुझ्या क्षितिजाक पोट इलाहा."

"काय?"

"क्षितिजाचो मीटर रे. मधली रेघ. दोन्ही बाजूक सरळ, आणि मध्ये अशी वर फुगल्याली. दुरुस्त कर."

क्षितिजाचा मीटर म्हणजे वर निळं, खाली तपकिरी आणि मध्ये एक पांढरी रेघ. विमान कललं की रेघ कलते. तो मीटर माझा, काकांच्या पॅनेलवरही माझाच. मी घरी येऊन फाईल उघडली. रेघ सरळ. पडद्याला फूटपट्टी लावली. सरळ. मी काकांना फोन करून सांगितलं, "काका, माझ्याकडे सरळच दिसतेय."

आमच्या धंद्यात याहून वाईट वाक्य नाही. माझ्याकडे नीट चालतंय, म्हणजे तुझं तू बघ. नवख्यांना मी ते वाक्य वापरू नका म्हणून बजावतो.

"बरा, बरा," काका म्हणाले. "थेंब वाढवतंय मग."

जेवताना मी सुनंदाला गंमत म्हणून सांगितलं. क्षितिजाला पोट आलं म्हणतात. तिने हसावं अशी अपेक्षा होती. तिने हातातली पळी खाली ठेवली.

"कुठल्या डोळ्याने?"

"ते कुठे विचारलं मी?"

"अरे, सरळ रेघ मध्ये वाकडी दिसतेय त्यांना! आमच्या दुकानात चौकटींचं कार्ड लावलंय भिंतीला. गिऱ्हाईक म्हणालं ना की रेघा वाकतायत, तर आम्ही चष्मा नाही विकत त्याला. रिक्षात बसवून डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवतो, त्याच दिवशी. डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचतं तेव्हा असं दिसतं. इंजेक्शन घ्यावं लागतं डोळ्यात. उशीर केला तर गेलेलं परत येत नाही."

मी ताटावरून उठून वैशालीला फोन लावला.

"दादा, ऐकतच नाहीत," ती म्हणाली. "डॉक्टरकडे दर थोड्या महिन्यांनी तपासायला जायचे, तेही बंद केलंय थेंब लागू पडल्यापासून. मी म्हटलं तर म्हणतात, डॉक्टरीण म्हणाली वाढतला, थेंबांनी परत इले. मग शाणो कोण? तुम्ही सांगून बघा. तुमच्यासमोरच तर झालं ना ते सगळं."

माझ्यासमोरच झालं. हो.

सुनंदा समोर उभी होती. तिला मी तेव्हा सगळं सांगितलं. काटा, केळं, शिरा. इतक्या वर्षांत मी एका दमात एवढं बोललेलो तिने ऐकलं नव्हतं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे मला कशाला सांगतोस? मी काय करू याचं? त्यांना सांग."

*

सकाळी गाळ्यात रजा सांगून कांजूरमार्ग गाठलं. काका न्याहारी करून विमानाच्या तयारीत होते. वैशाली डबा भरत होती.

"काका, विमान बंद करा जरा."

"बंद कसा करू? धावपट्टीवर इलंय."

"मग उडवू नका. थांबवा. मला सांगायचंय."

काकांनी ब्रेक लावला. मी उभाच होतो. बसलो असतो तर बोललो नसतो.

"तुमचे डोळे थेंबांनी बरे झाले नाहीत, काका. ते बिघडलेच नव्हते त्या दिवशी. तुमचा काटा मी काढून टाकला होता. कपाटातून. तिथे माझा बारीक काटा लावला, म्हणून तुम्हाला दिसेना. मग तुम्ही डोळे मिटून पडला होतात ना थेंब घालून, तेव्हा मी तुमचा काटा परत लावला. म्हणून दिसला."

वैशालीच्या हातातलं डब्याचं झाकण तसंच राहिलं.

काकांनी पडद्यावरच्या पिवळ्या काट्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे ते थेंब?"

"गुलाबपाणी आहे."

"आणि काटो कित्याक काढलस?"

इथे मी खोटं बोलू शकलो असतो. साफसफाई करत होतो, चुकून गेला, असं. ते अर्धं खरंही होतं.

"वाईट दिसत होता," मी म्हटलं. "लोक हसत होते. केळं म्हणाले. मला लाज वाटली."

"माका विचारलस नाय."

"नाही."

"तू माका शिकवलस," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तूच सांगलस, मीटर बघणाऱ्याक दिसाक होयो. माका दिसलो तसो मी केलंय."

"काका, रेघ वाकडी दिसते ते डोळ्यातलं आहे. माझ्या मीटरमध्ये काही नाही. आज, आत्ता डॉक्टरकडे जायला हवं. मग मला काय बोलायचं ते बोला."

काका उठले, भिंतीला हात लावत दाराकडे गेले. "वैशाली, चपला खंय आसत?"

रिक्षात आम्ही तिघं. काका मध्ये. मुलुंडला डॉक्टरकडे पोचेपर्यंत ते एकदाच बोलले.

"केळा कोण म्हणालो?"

"आहे एक. परदेशात असतो."

"तेका सांग, कणकवलीक ये. केळा कसा असता ता दाखवतंय."

तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी मशीनवरचं चित्र दाखवलं. पडद्याखाली खरंच पाण्याचा फुगा होता, हुबेहूब क्षितिजाला आलेलं पोट. त्यांनी जुने कागद चाळले. "आजोबा, तुम्ही नियमित यायचात. मधे का नाही आलात? पाणी बरंच आधी साचायला लागलेलं असणार. तेव्हाच धरलं असतं तर बरं झालं असतं."

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात काका म्हणाले, "गावाक गेललंय."

तेवढंच. मला त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी त्या कधीच्या विसरलो असतो. ते "गावाक गेललंय" अजून ऐकू येतं.

*

इंजेक्शनं झाली. काही महिने चालली. उजवा डोळा सावरला. डाव्यातलं मधलं गेलं ते गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वय आहे, कदाचित जाणारच होतं. त्या "कदाचित"ला मी रोज उलटंपालटं करून बघतो, दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं.

मी काकांचे मीटर कपाटात मूळ जागी ठेवले आणि ते का काढले होते ते चर्चेच्या पानावर खरं खरं लिहिलं. एका बाईंनी लिहिलं, परत आणल्याबद्दल आभार, आमच्या वडिलांनी तेव्हापासून उडवणं सोडलं होतं. म्हणजे काका एकटे नव्हते. किती जणांना मी जमिनीवर बसवलं होतं कोण जाणे. आता कपाटात काही विचित्र दिसलं की मी आधी ज्याने केलं त्याला विचारतो, हे असं का. बरेचदा उत्तर येतं, असंच. पण विचारतो.

काका माझ्याशी बोलत नव्हते. मी वैशालीकडे चौकशी करायचो. थेंबांची लाट ओसरली होती; सावंत वहिनींना मात्र कोणी काही सांगितलं नाही, काकांनी सांगू दिलं नाही. मग एका दुपारी गाळ्यात फोन वाजला.

"मास्तर, काटो आणखी जाडो कर."

ना नमस्कार, ना काही. मी म्हटलं, "करतो."

"आणि तबकडी मोठी कर."

"करतो, काका."

तेव्हापासून हे चालू आहे. दर थोड्या दिवसांनी फोन येतो, काटा जाड होतो, तबकडी वाढते. आधी पेट्रोलचा मीटर काढून जागा केली. मग होकायंत्र कोपऱ्यात गेलं. आता वेग, उंची आणि क्षितिज हे तीनच उरलेत, ताटाएवढे, आणि ते फळीत मावेनात म्हणून वर सरकत सरकत पुढच्या काचेवर चढलेत. सगळे पिवळे. जन्मात इतकं कुरूप पॅनेल मी केलं नव्हतं. जगातून कोणीही विचारलं तर सांगतो, हो, माझंच आहे.

परवा नवं पॅनेल बसवायला कांजूरमार्गला गेलो होतो. काकांनी खुर्ची पुढे ओढली, नाक पडद्याला लागेल इतकी, आणि विमान मुंबईहून उचललं. तीन पिवळे काटे आणि मागे कुठे तरी आभाळाची एक चिंधी.

मला राहवेना. "काका, अजून मोठं केलं ना, तर काचेतून बाहेरचं काहीच दिसणार नाही तुम्हाला."

काकांनी उंचीच्या काट्यावरची नजर काढली नाही.

"जन्मभर भायरच उभो होतंय रे मेल्या," ते म्हणाले. "भायरचा सगळा माका पाठ आसा. तू आतला दाखव."